डेव्हिडकाकांची थ्री-नॉट-थ्री

जुनी रायफल बाळगणारा माणूस गोळ्या कमी झाडतो आणि पार्ट जास्त शोधतो. पार्ट मिळो न मिळो, किस्से मात्र भरपूर मिळतात! आमच्या शूटिंग क्लबात सीझन संपेपर्यंत बॅगेच्या तळाशी रिकामी काडतुसं साठतात आणि डोक्यात किस्से. काडतुसं मी बादलीत ओतून येते. किस्से मात्र ओतायला कुणीतरी लागतं, म्हणून आज तुम्ही सापडलात.

त्यातले बहुतेक डेव्हिडकाकांचे. लंडनच्या इल्फर्डमधले आमचे शेजारी. मुंबईचे मराठी ज्यू, तरुणपणी इकडे आले आणि रिटायर होईपर्यंत टूलमेकर होते. आता ऐंशी ओलांडलीय. गुडघ्यांनी ड्रायव्हिंग सोडायला लावलं, म्हणून रविवारी मी त्यांना सरे परगण्यातल्या शूटिंग रेंजवर नेते. सुरुवातीला मी गाडीत पुस्तक वाचत बसायचे. मग एकदा काका म्हणाले, "शुभदा, पेट्रोल जाळून इथवर येतेस, तर एक गोळी तरी मार गो!" मारली. तेव्हापासून मीही मेंबर.

काकांकडे दुसऱ्या महायुद्धातली रायफल आहे. क्लबातले गोरे तिला 'थ्री-ओ-थ्री' म्हणतात. काका कधीच म्हणत नाहीत. "आमच्या हवालदाराच्या खांद्यावर होती ती थ्री-नॉट-थ्री. हीसुद्धा तीच!" काकांचे वडील मुंबईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ह्याच रायफली दुरुस्त करायचे. त्यांची एकही वस्तू काकांकडे उरलेली नाही. उरलंय ते फक्त हे काम.

* * *

आमच्या क्लबचा कॅप्टन मॅल्कम. रिटायर्ड अकाउंटंट. त्याच्याकडेही हीच रायफल, पण एकदम कोरी करकरीत, प्रत्येक भागावर एकच नंबर, म्हणजे सगळे पार्ट मूळचेच. काकांच्या रायफलीत चार रायफलींचे पार्ट आहेत, त्यामुळे मॅल्कम तिच्याकडे नाक मुरडून बघतो.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या रायफलीचं नळीखालचं लाकूड तडकलं. मॅल्कमने टॉर्च मारून बघितलं आणि निकाल दिला. "सप्टेंबरच्या मॅचपर्यंत नवीन लाकूड बसलं तर ठीक. नाहीतर ही रायफल रेंजवर येणार नाही. डेव्हिड, यू कान्ट गेट द पार्ट्स. वेल्डिंग करून घे, बंद कर आणि भिंतीवर लाव. छान दिसेल."

वेल्डिंग केलं की रायफल कायमची मुकी. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"आधी मला टांग भिंतीवर! मीही छान दिसेन!"

घरी येताना इल्फर्ड आल्यावर काका म्हणाले, "बाबांनी शेकडो रायफली चालू केल्या गो. मी एक बंद करू?" मला त्या मॅल्कमचा इतका राग आला की मी रिव्हर्स घेताना कौन्सिलचा कचऱ्याचा डबा उडवला.

* * *

काकांनी मग फोन फिरवायला सुरुवात केली. जुन्या रायफलींच्या एकेका डीलरला. स्पीकरवर ठेवून, म्हणजे आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

एक डीलर फारच नम्र होता. "सॉरी सर, असं लाकूड आता कुठे मिळणार? यू आर फिफ्टी इयर्स टू लेट."

"लेट?" काका ओरडले. "आय अ‍ॅम नॉट लेट! लेट डेव्हिड व्हायला अजून वेळ आहे!"

* * *

केटलची भानगड त्याच सुमाराची. फायरिंग झाल्यावर काका नळीत फनेल लावून उकळतं पाणी ओततात. जुन्या काडतुसांची दारू नळीत मीठ सोडायची, ते धुवून काढायची ही पद्धत. आता काडतुसं बदलली, त्याची गरज नाही. पण वडिलांनी शिकवलंय म्हटल्यावर काका ऐकतात थोडेच!

मॅल्कमला हे खपेना. क्लबहाउसच्या केटलवर त्याने पाटी लावली: 'फक्त चहा-कॉफीसाठी. डेव्हिड, प्लीज.' नावासकट!

पुढच्या रविवारी काकांनी केटल भरली, उकळली, कपात टी बॅग टाकून चहा केला, मॅल्कमसमोर उभं राहून एक घोट घेतला. उरलेलं पाणी नळीत.

"डेव्हिड!"

"मी चहा केला. तिलाही थोडा नको?"

* * *

आता डब्यांचा किस्सा. बटर कुकीजचा तो निळा गोल डबा तुमच्या घरी आहे ना? आणि त्यात कुकी कधीच नसते ना? रिबेकाकाकूंकडे असे दोन आहेत. एकात त्यांचं शिवण, दुसऱ्यात काकांचे पार्ट.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात एका छोट्या मुलीच्या ब्लाउजचा हूक तुटला. काकू तयारीच्या, स्टेजमागे डबा उघडला. आत स्प्रिंगा आणि स्क्रू! तिकडे रेंजवर काकांनी स्क्रू शोधायला डबा उघडला, तर बॉबिन आणि प्रेसबटणं.

रात्री दोघांची जुंपली. मी मधे पडून सुचवलं, "काकू, डब्यांवर लेबल लावू या का?"

"माझ्या डब्यावर लेबल? अहो, ऐकलंत? दोन्ही डबे माझे आहेत! ह्यांचे पार्ट पाहुणे म्हणून राहतात!"

लेबल लागलं नाही.

* * *

लाकूड शेवटी एडिनबरामध्ये सापडलं. माझी मुलगी इरा तिकडे हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. एडिनबरातल्याच एका बाईंचे मिस्टर गेले, ते असल्या रायफलींचे शौकीन. काकांनी कुणाकुणाला विचारत त्या बाईंचा पत्ता काढला, आणि मी इराला पिटाळलं.

लाकूड होतं. बाईंच्या ग्रीनहाउसमध्ये, टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून बांधलेलं! नवं कोरं, कधीही न वापरलेलं. आणि बाई सोडायला तयार नाहीत. "रोप पडेल ना!"

संध्याकाळी इराचा फोन, तिच्या इकडेच वाढलेल्या मराठीत. "आई, तो लाकूड मिळाला! पण माझा हॉकी स्टिक आता टोमॅटो धरतो."

काकांनी त्या लाकडाला आठवडाभर अळशीचं तेल चोळलं. मग कानशीने जरा घासायचं, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. घरभर तेलाचा वास. काकू म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना कधी इतकं चोळलं नाही ह्यांनी!"

* * *

मग आली सप्टेंबरची मॅच. ह्या वेळी काकूही आल्या होत्या. मॅल्कमने टॉर्च आणली. लाकूड वरून बघितलं, खालून बघितलं, वाकून बघितलं. काका त्याच्याकडे बघतच नव्हते, समोरच्या टार्गेटकडे बघत होते. मी मात्र देवाचं नाव घेत होते.

"ओके," मॅल्कम म्हणाला. "ह्या वर्षी ठीक. पण पुढच्या वर्षी, डेव्हिड, बी रिअलिस्टिक. यू कान्ट गेट द पार्ट्स."

काका गोळ्या झाडायला पोटावर आडवे झाले. सगळ्या गोळ्या टार्गेटच्या कागदावर! बक्षिसाइतक्या मधोमध नाहीत, पण सगळ्या कागदावर. उठवायला दोन माणसं लागली. उभे राहिल्यावर काका रडत होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुढची पाळी मॅल्कमची. पहिली गोळी झाडली, आणि रिकामं काडतूस बाहेरच येईना. ते ओढून काढणारी नखाएवढी स्प्रिंग असते, ती तुटली होती. एकाच नंबरची कोरी करकरीत रायफल, आणि मॅच संपायला थोडाच वेळ!

मॅल्कम उठला. सगळ्यांकडे बघितलं. मग हळूहळू आमच्याकडे आला.

"डेव्हिड... तुझ्याकडे एखादी..."

काका बॅगेपाशी गेले. निळा डबा काढला. झाकण उघडलं.

बॉबिन. प्रेसबटणं. गुलाबी रीळ.

मॅल्कमचा चेहरा पडला. तेवढ्यात मागे फोल्डिंग खुर्चीवर, माझ्या शूटिंग जॅकेटचं बटण हातात घेऊन बसलेल्या काकूंनी कानांवरचे मफ्स वर केले आणि मांडीवरचा दुसरा निळा डबा पुढे केला.

"अहो! मघापासून सुई शोधतेय मी! हे सगळे खिळे घ्या तुमचे!"

स्प्रिंग होती. काकांनी स्वतः बसवली. मॅल्कमने मॅच पूर्ण केली आणि काकांसमोर येऊन उभा राहिला.

"ही स्प्रिंग... कुठून मिळवलीस?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं.

"यू कान्ट गेट द पार्ट्स, मॅल्कम."

मॅल्कम वळला आणि क्लबहाउसमध्ये गेला. थोड्या वेळाने बाहेर आला, तेव्हा एका हातात वाफाळती केटल होती, पाटीसकट, आणि दुसऱ्या हातात फनेल.

"अरे वा, चहा?" कुणीतरी विचारलं.

"नाही," मॅल्कम म्हणाला. "डेव्हिडच्या रायफलीसाठी."