नमुन्यासारखाच द्या

मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडला आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे एक लांबलचक गाळा, पण त्याला दुकान म्हटलेलं मालकांना सोसत नाही. बेअरिंग, नट-बोल्ट, हातमोजे, हेल्मेट, कारखान्यांना लागेल ते आम्ही पुरवतो आणि काउंटरवर मी बसते. नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, लोक येतील, वस्तूचं नाव सांगतील. नाव कोणी सांगत नाही. जे तुटलं असेल ते पिशवीतून आणतात, माझ्या स्वच्छ काचेवर ग्रीससकट आदळतात आणि म्हणतात, "नमुन्यासारखाच द्या." त्या काचेपायी मी किती जणांवर ओरडले असेन!

नमुन्याहून वेगळं दिलं, अगदी चांगलं दिलं, तरी माल परत येतो आणि बोलणी मी खाते. त्यामुळे शहाणपण शिकवायचं मी सोडून दिलं होतं.

गेल्या हंगामात एका दुपारी साखर कारखान्याचा जीपवाला आला. त्याच कारखान्यात माझा धाकटा भाऊ फिटर आहे. जीपवाल्यानं पिशवीतून सेफ्टी बेल्ट काढला, उंचावर चढणारी माणसं कमरेला बांधतात तो. दोरी जिथं पट्ट्याला शिवलेली असते तिथंच उसवून सुटली होती.

"कोण पडलं?"

"मला काय म्हाईत न्हाई, ताई. ष्टोरवाल्यानं पिशवी हातात दिली न् म्हनला, पळ."

"आवं, पण माणूस कसा हाय?"

"दवाखान्यात न्हेलाय म्हनं. नमुन्यासारखाच द्या की लवकर, गाळप थांबलंय."

मी भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं पट्टे चाचपत होते. एका खुंटीवर तसलेच हलके पट्टे होते. शेजारच्या खुंटीवर जाड दोरीचा, दुहेरी शिलाईचा एक होता, धूळ खात पडलेला. मी तोच पुढे केला तर जीपवाला मागे सरकला.

"त्यो नगं. परत पाठवत्यात, मग माझीच येरझार."

माझं सगळं लक्ष फोनकडे. हलका काढून दिला. जीप गेली आणि थोड्या वेळानं भावानं फोन उचलला.

"आक्का, फोन कपाटात हुता गं."

आधी त्याला शिव्या घातल्या, मग रडले. पडला होता त्याचा जोडीदार. खाली उसाच्या भुशाचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला. मला आनंद झाला, खरंच सांगते. दुसऱ्या कुणाचा तरी पाय मोडला होता आणि मला साखर वाटावीशी वाटत होती.

"ठेवतो आता," भाऊ म्हणाला. "त्याचं छपरावरचं राह्यलेलं काम मलाच करायचंय. नवा पट्टा येतोय, तुमच्याकडनंच."

"तो घालू नगं! ऐक माझं, त्यो तसलाच हाय!"

"नवा कोरा हाय की गं," म्हणत त्यानं फोन ठेवला. परत लावला तर उचलायला कोणी नाही.

मालक जेवायला गेले होते. त्यांना विचारायची वाट न बघता जाड पट्टा उचलला, स्कूटीच्या डिकीत कोंबला आणि निघाले. उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत गेटवर पोचले तर वॉचमननं हात आडवा केला.

"चलान असल्याबिगर माल आत जात न्हाई, ताई."

"माल कसला? माझा भाऊ हाय आत!"

त्यानं बिचाऱ्यानं स्टोअरला फोन केला, पण तिथं कोणी जागेवर नव्हतं. मग मी गेटबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसले. तिथून शेडचं छप्पर दिसत होतं आणि छपराच्या कडेला एक माणूस, बोटाएवढा. तो माझा भाऊ की दुसरा कोणी, एवढ्या लांबून कळत नव्हतं. जीपवाल्याचा राग आला, स्टोअरवाल्याचा आला, हलका पट्टा काढून देणाऱ्या माझ्या हाताचा तर फारच आला. तो माणूस वाकला की मी कट्ट्यावरून उठायचे. ऊन उतरलं तरी मी मान खाली घातली नाही.

भोंगा झाला आणि भाऊ काळ्याकुट्ट तोंडानं बाहेर आला, दोन्ही पायांवर चालत.

"आक्का, हितं कशाला आलीस?"

मी पट्टा त्याच्या हातात दिला. त्यानं दोरी ओढून बघितली, शिलाईवरून अंगठा फिरवला, पुन्हा ओढली.

"लय भारी हाय. पन ह्यो आमच्याकडं यायचा न्हाई."

"का?"

"आधी तुटाय नगं का? ह्यो कवा तुटायचा, न् कवा त्याचा नमुना तुज्याकडं यायचा?"

तो हसला. मला हसू आलं नाही. "तू तरी ने," म्हणाले, तर त्यानं पट्टा गुंडाळून माझ्या डिकीत परत ठेवला. बाकीचे सगळे तसलेच घालून चढत होते, हा एकटाच कसा वेगळा घालणार?

दुसऱ्या दिवशी तो पट्टा मी खुंटीला अडकवला. अजून तिथंच आहे, कोरा.