धाकटीचा गड

माझी धाकटी जाऊ हेमा दर रविवारी शहरातल्या माणसांना आमचा गड दाखवते. आमचा म्हणजे माझा. मी याच गडाखालच्या वाडीत जन्मले नि याच वाडीत दिली गेले. आणि ही कुठली? समुद्रकाठच्या नाटे गावची! बाप खलाशी, सगळा जन्म खाऱ्या वाऱ्यात. लग्न होऊन आली तेव्हा डोंगर बघून रडली होती. "अक्का, इथं चारी बाजूंनी भिंतीच गो," म्हणायची. गडाची पहिली चढण मी हिला हाताला धरून चढवली.

दीर मुंबईला नोकरीला. ही घरात बसून कंटाळली नि काढली सहल. सकाळी खेड स्टेशनवर मिनीबस, मग जगबुडी नदीचा पूल, घाटातला धबधबा, गड, आणि परत आल्यावर आमच्या पडवीत जेवण. जेवण कोण करतं? मी. तांदळाच्या भाकऱ्या भाजून माझे हात पोळतात आणि लोक बोटं चाटत म्हणतात, "हेमाताई, काय सुंदर सांगता हो तुम्ही!" अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या.

आणि सांगते तरी काय? माझ्याच गोष्टी! भात लावताना, काजू भाजताना मी सांगितलेल्या. त्यातही घुसडाघुसड. गडावर पाण्याचं टाकं आहे. तिथून हौसा नावाची बाई पहाऱ्यावरच्या शिपायांना पाणी द्यायची. माझ्या सासूबाई सांगायच्या, हौसा म्हातारी होऊन, नातवंडं बघून अंथरुणात गेली. हेमानं तिला कड्यावरून उडी मारायला लावली! लोक डोळे पुसतात. मेली खोटारडी!

गेल्या रविवारी मी ठरवलंच. भाकऱ्या पहाटेच उरकल्या आणि म्हटलं, "मी पण येते वर." चारचौघांत हिचं खोटं उघडं पाडायचं, मग बघू कोण टाळ्या वाजवतं ते. हिचं तोंड केवढं फुललं! "खरंच अक्का? या की!"

चढताना ही पुढं, मी मागं. गुडघ्यावर हात ठेवून मी एकेक पायरी चढतेय आणि ही समोरच्या रांगांकडे हात करून सांगतेय, "भरतीच्या लाटा कशा एकामागून एक येतात, तसे बघा हे डोंगर." सगळ्यांनी मोबाईल काढले. मी जन्मभर तेच डोंगर बघतेय, मला कधी तसं सुचलं नाही, म्हणून आणखीच राग आला.

टाक्यापाशी हिनं हौसाला उडी मारायला लावलीच. शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण वरच्या देवळात देवीसमोर विचारलं तर हिला नाकारता यायचं नाही, म्हणून गप्प बसले.

देवळात सगळे हात जोडून उभे राहिले. मी घसा खाकरला, तोच रत्नागिरीचे एक निवृत्त मास्तर, हरिहर म्हणून, पुढं आले. "हेमाताई, मी तिसऱ्यांदा येतोय. आज तरी गाऱ्हाणं ऐकवणार का?"

"माझ्याकडं बघू नका हो," हेमा म्हणाली. "गाऱ्हाण्याचा मान आमच्या घरच्या थोरलीचा. म्हणून मी नुसता नमस्कार करून खाली नेते सगळ्यांना." मग माझ्याकडं वळली. "आज अक्का आल्यात."

आमच्या वाडीचा रिवाजच आहे तसा. सासूबाईंनंतर जत्रेला देवीपुढं सगळ्यांसाठी गाऱ्हाणं मीच घालते. पण सहलीत माझ्यामागं कोण बघणार होतं? हिनं घातलं असतं तर मला कळलंही नसतं.

माझ्या हातात नारळ आला. काय करू? सुरू केलं. "बाई महाराजा, ही लांबून आलेली लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत. त्यांना सुखरूप घरी ने. मास्तरांच्या गुडघ्यांना बळ दे. माझ्या घरधन्याला, मुंबईच्या दिराला, वाडीतल्या गुराढोरांना सांभाळ..." एकेकाचं नाव घेतलं. हेमाचं घेतलं नाही. जीभच वळेना. तसंच आटपलं.

"होय महाराजा!" सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं हेमाच म्हणाली. डोळे मिटलेले, हात कपाळाला टेकलेले.

मी नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला.

"थांबा," मी म्हटलं, "संपलं नाही अजून. महाराजा, ही आमच्या घरची धाकटी, हेमा. माझ्या डोळ्यांत खुपते, तुला ठाऊक आहे. तरी हिला सांभाळ."

देवळात सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. हेमाही. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं होकार द्यायचा नसतो, तो मागच्यांनी द्यायचा. पण कुणी तोंडच उघडेना.

शेवटी मीच म्हटलं, "होय महाराजा."