घासलेली शिवराई
भिजवलेल्या चिंचेचा वास आला की मला दिघीचं आमचं अंगण आठवतं. नवे पैसे आले त्या वर्षीची गोष्ट. वडिलांना नांगरताना सापडलेली एक जुनी शिवराई देव्हाऱ्यात होती आणि आई ती दर सोमवारी चिंचेनं घासून लखलखीत ठेवायची. मग शेतात दुसरी मिळाली, काळीकुट्ट. कुणाकडून तरी ऐकून, जुनी नाणी जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ आले. दोन्ही भिंगाखाली धरून म्हणाले, "बाई, ही घासून तुम्ही वाटोळं केलंत. हिला आता किंमत नाही. या काळीचे मात्र दहा रुपये देतो." दहा रुपये! माझ्या डोळ्यांपुढे नवा परकर नाचायला लागला. आई म्हणाली, "देवाची सेवा केली, त्याला वाटोळं म्हन्ता व्हय?" आणि काळी शिवराई उचलून तिनं चिंचेच्या कोळात बुडवली, त्यांच्यादेखत खसाखसा घासली आणि तांबं लाल चमकल्यावरच हात थांबवला. "आता ही बी देवाची. विकायची न्हाई." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आता दोन्हींवरची अक्षरं पार झिजलीत. लेक म्हणतो, "आई, निदान यापुढं तरी घासू नकोस, लोक हजारो मोजतात." मी त्याच्यासमोरच चिंच भिजत घालते.