मालीशवाल्या काकांची घरची खेळाडू

फुटबॉलच्या संघात सगळे त्यांना काकाच म्हणत. सामना संपला, की आखडलेल्या पोटऱ्या आणि लचकलेले घोटे घेऊन पोरं त्यांच्या टेबलावर येऊन पडायची. कुणी "काका, हळू!" असं किंचाळलं की ते म्हणायचे, "मैदानात एवढा ओरडला असतास, तर चेंडू तरी मिळाला असता."

सव्वीस वर्षं असं चाललं. मग साथ आली, सामने थांबले आणि माणसाने माणसाला हात लावायचीच चोरी झाली. काकांचं तर सगळं काम हाताचं. ते दिवसभर खुर्चीत बसून स्वतःचेच गुडघे चोळायचे.

दोन महिन्यांनी काकूंना आजाराने गाठलं. अठरा दिवस दवाखान्यात, भेटायची बंदी. घरी परतल्या तेव्हा नुसती काडी झालेली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "आता संसर्गाची भीती नाही. पायांत बळ यायला मात्र वेळ लागेल."

त्या दुपारी काका कोमट तेल घेऊन त्यांच्या पायांशी बसले. काकूंनी चटकन पाय ओढून घेतले.

"अहो, हे काय! माझे पाय धरता?"

"अख्ख्या गावाचे धरले. घरचेच राहिले होते."

पोटरीवर हाताला मांसच लागेना, तसा काकांनी दाब हलका केला. घोट्यावर एक जुना व्रण होता.

"हे कधी झालं गं?"

"धाकटी पोटात असताना जिन्यात पडले होते. तुम्ही बाहेरगावी सामन्याला होतात."

प्रत्येक खेळाडूची दुखापत काकांना तोंडपाठ होती; ही मात्र आज कळली. ते चोळत राहिले.

मग जिन्याचा सराव सुरू झाला. आज दोन पायऱ्या, उद्या चार. एकदा काकू तिसऱ्याच पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. "नाही हो होणार माझ्याच्यानं."

काका शेजारी टेकले. "हरू दे आजचा सामना. उद्या पुन्हा खेळू."

पुढे प्रेक्षकांविना सामने सुरू झाले. संघातून बोलावणं आलं, तेव्हा काकांनी कळवून टाकलं, "दुपारनंतर येईन. सकाळी घरी सराव असतो."

सहाव्या आठवड्यात काकू आधाराशिवाय रस्त्यावर उतरल्या आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. काका दोन पावलं मागे, हात पुढे करून.

काकूंनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "अहो, जरा भरभर चला. भाजी संपेल."