दोन कोरे खिळे

"जागा धर गो, जागा!"

हे शब्द आठवले की आजही माझा हात होता तिथे थांबतो. भाजी चिरत असले तरी थांबतो. मग मला एकटीलाच हसू फुटतं आणि घरचे म्हणतात, झालं हिचं सुरू.

बोलणारे होते आमचे काका. सख्खे नव्हेत, वाडीचे. गिरगावात आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत एकटे राहायचे आणि कोपऱ्यावरच्या छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणजे शिशाची अक्षरं, ज्यांना ते खिळे म्हणत, एकेक उचलून पुस्तकाच्या ओळी जुळवायच्या. बोटं कायम काळी. गप्प बसले असले तरी अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं. हातात खिळा नसला की त्यांना करमत नसे, दुसरं काय!

कोणी विचारलं, "काका, शिक्षण किती हो तुमचं?" की ताठ बसून सांगत, "मराठी चौथी. आणि बीजगणिताच्या चार आवृत्त्या."

थट्टा नव्हती ती. ज्या बीजगणिताने मला रडकुंडीला आणलं होतं, ते पुस्तक चार वेळा काकांच्या हातून जुळून निघालं होतं.

आता माझं सांगते. मॅट्रिकला मी एकदा आपटले होते. बाकी सगळ्या विषयांत छान, आणि बीजगणितात एकोणीस! बाबांनी सांगून टाकलं होतं, "शालू, या खेपेला गेलीस तर शाळा बस्स. चिपळूणचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवतो." मला टेलिफोन ऑफिसात नोकरी करायची होती. कानाला यंत्र लावून "नंबर प्लीज" म्हणायचं होतं. त्यासाठी मॅट्रिक पास पाहिजे होतं, आणि मॅट्रिक आणि मी यांच्या मधोमध बहुपदीचा भागाकार आडवा पडला होता. चिपळूणच्या मुलाचा फोटो पाहिला होता मी. माणूस वाईट नसेल, पण त्याच्या मिशा बघून मला आणखीच अभ्यास करावासा वाटला.

आईनेच काकांना गाठलं. काका म्हणाले, "मी शिकवणार नाही. मी फक्त जुळवून दाखवीन."

पहिल्याच दिवशी माझी वही समोर होती आणि ते पलीकडून उलटी वाचत होते. मी वही फिरवायला गेले तर म्हणाले, "राहू दे. सुलटं वाचलं की माझं डोकं दुखतं." छापखान्यात खिळे उलटेच वाचायचे असतात ना! मी लिहिलेलं प्रत्येक पद त्यांना डोक्यावर उभं दिसायचं आणि तरी चूक माझ्याआधी त्यांनाच सापडायची.

चूक माझी एकच, पण हट्टी. गणित असायचं, क्षचा घन, उणे सात क्ष, अधिक सहा. याला क्ष उणे एकने भागा. यात घन आहे, साधा क्ष आहे, पण मधला वर्ग नाहीच. नाही तर नाही! मी घनाच्या शेजारी सरळ उणे सात क्ष नेऊन चिकटवायची. पुढच्या पायरीला एक वर्ग कुठूनसा उगवायचा, मी त्याला त्या सात क्षांतूनच वजा करायची, आणि खाली असली खिचडी व्हायची की मलाच वाचवत नसे.

"वर्ग नाहीये ना काका? मग लिहू कशाला?"

काकांनी खिशातून एक बुटका खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्यावर अक्षरच नव्हतं.

"कोरा आहे. दोन शब्दांच्या मधली मोकळी जागा असते ना, तिथे हा घालतो. कागदावर दिसत नाही. पण घातला नाही तर सगळी ओळ कोसळते. शून्य वर्ग लिही. जागा धर."

मी मान डोलावली, आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच केलं! काकांनी कपाळाला हात लावला, कपाळही काळं झालं.

जानेवारीत मुंबई पेटली. मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे म्हणून रोज मोर्चे, रोज घोषणा, मग गोळीबार आणि संचारबंदी. शाळा बंद, छापखाना बंद. संचारबंदी उठली तरी जमावबंदी होतीच. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस शिट्टी मारायचे. घरात बसून सगळ्यांची डोकी फिरायची वेळ आली होती. आणि अशा एका सकाळी काकांनी जाहीर केलं की शालूचा भागाकार आज अंगणात करायचा. माणसांचा!

घन म्हणून तळमजल्यावरचे अण्णा, कारण वाडीत त्यांच्याइतकं आडवं कोणी नव्हतं. उणे सात क्ष म्हणजे शेजारच्या माई. त्यांनी उभ्या आयुष्यात कशाला हो म्हटलं नव्हतं. अधिक सहा म्हणजे माझी धाकटी बहीण बकुळ, वय वर्षं सहा. अण्णा आणि माई यांच्या मध्ये काकांनी एक रिकामा पाट मांडला. भागणारे दोघे, क्ष आणि उणे एक, म्हणजे वरच्या मजल्यावरचे दोन भाऊ. ते जिन्यात उभे. काका नि मी पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून हुकूम सोडत होतो. सगळी चाळ गॅलऱ्यांमधून वाकून बघत होती.

काका ओरडले, "भाजक खाली या!" दोघे भाऊ अंगणात उतरले आणि फाटकातून हवालदार आत शिरला.

"एक, दोन, तीन, चार, पाच! जमावबंदी हाय, ठाऊक न्हाय व्हय?"

काका वरून म्हणाले, "साहेब, यातली तीनच आमची. ते दोघं बाहेरचे आहेत, भागायला आलेत."

"कुनाला भागायला?"

"अण्णांना."

अण्णांनी हात जोडले. माई म्हणाल्या, "मला यातलं काही पसंत नाही, हे लिहून घ्या." गॅलऱ्यांमध्ये खसखस पिकली. शेवटी तडजोड झाली, की दोघा भाजकांनी जिन्यात परत जायचं आणि तिथूनच भागायचं. हवालदार बिचारा पहाटेपासून रस्त्यावर होता. दमून तो मधल्या पाटावर टेकला.

"उठा! उठा आधी!" काकांचा आवाज असा फुटला की हवालदार ताडकन उभा राहिला. "ती वर्गाची जागा आहे!"

"कोन यायचंय हितं?"

"सध्या कोणी नाही."

"मग मी बसलो तर काय बिघडलं?"

"सगळंच बिघडतं! शालू, भाग."

मी भागलं. घनाला क्षने भागलं, वर्ग आला. वर्गाने भाजकाला गुणलं, घन उणे वर्ग. आता वजा. अण्णा उडाले, घरी गेले. आणि शून्यातून उणे वर्ग वजा केला तर चिन्ह उलटून झाला अधिक वर्ग! एक अख्खा, जिवंत क्ष वर्ग! आणि त्याच्यासाठी अंगणात पाट मांडलेला होता.

"काका! आला! वर्ग आला!" मी कठड्यावर हात आपटत नाचायलाच लागले.

काकांनी खाली वाकून अदबीने सांगितलं, "हवालदारसाहेब, आता बसा. आता ती तुमचीच जागा."

हवालदार टोपी सावरत बसला. अहो, काय हशा झाला! पुढच्या पायरीला तोही उडाला, माई उणे सातांच्या उणे सहा झाल्या आणि तरी कुरकुरल्या, शेवटी माई आणि बकुळ मिळून उडाल्या. अंगण रिकामं.

"बाकी शून्य!" काका म्हणाले. "जमाव पांगला साहेब, डायरीत लिहून टाका."

त्या दिवसानंतर माझी ती चूक पुन्हा झाली नाही. येणाऱ्यासाठी जागा आधी धरायची असते, एवढंच तर होतं ते! पण ते कळायला मला हवालदार लागला.

परीक्षेला आठवडा होता तेव्हा काका सत्याग्रहींच्या तुकडीतून गेले. सांगितलं कोणालाच नाही. खोलीला कुलूप, आणि कोपऱ्यावरून बातमी की तीन महिन्यांची शिक्षा झाली. मी जिन्यात बसून भोकाड पसरलं. कोण हो आता माझी वही उलटी वाचणार?

पेपरात पाचवा प्रश्न होता, क्षचा घन अधिक आठ, भागिले क्ष अधिक दोन. यात वर्गही नव्हता आणि साधा क्षही नव्हता. लबाड कुठला! मी दोन शून्यं लिहून दोन जागा धरल्या आणि पेपरातच फिसकन हसले. पर्यवेक्षक येऊन माझ्या बाकाखाली वाकून बघून गेले.

जूनमध्ये गुणपत्रिका हातात पडली. पास! मी घरी गेलेच नाही. चिपळूणच्या मिशा, टेलिफोन, बाबा, सगळं मागे टाकून मी आधी छापखान्यात पळाले, काका अजून तुरुंगात आहेत हे ठाऊक असूनही. सांगायचं तर तिथेच होतं ना! दुसरे वयस्क कंपोझिटर होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शालू का? जाताना तुझ्यासाठी ठेवून गेलाय." आणि त्यांनी फळीवरून सुतळीने बांधलेली एक जुळवलेली ओळ काढून समोर ठेवली.

मी ती उलटीच वाचली, अडखळले नाही.

"कु. शालिनी. बीजगणितात पास. गुण", आणि पुढे दोन कोरे खिळे.

परीक्षेच्या आधी, तुरुंगात जायच्या आधी, त्या माणसाने मी पास होणार हे शिशात जुळवून ठेवलं होतं. नापास झाले असते तर? तो शब्द त्यांनी जुळवलाच नव्हता. मी छापखान्यात उभी राहून हसत होते आणि डोळे काही केल्या थांबत नव्हते.

"किती पडले?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

त्यांनी चिमट्याने दोन्ही कोरे खिळे उचलले, तिथे चार आणि तीन बसवले आणि एका चिठ्ठीवर ठसा काढून दिला.

काका महिनाअखेरीला सुटून आले, वाळलेले पण खुशीत. चिठ्ठी त्यांनी उलटी धरून वाचली. टेलिफोन ऑफिसातला माझा पहिला पगार त्यांनी पाहिला, नवं राज्य झालं त्या दिवशीची रोषणाईही पाहिली, आणि पुढच्याच थंडीत गेले. चिठ्ठी कधीच विरली. ते दोन कोरे खिळे मात्र मी त्या दिवशी मूठ मिटून घेऊन आले होते, छापखान्याला परत दिलेच नाहीत. अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.