पेठच्या माळावर उडालेला तंबू

पेठच्या प्रवासाचा पहिला टप्पा आमच्या घरापासून भद्रकालीतल्या ताडपत्रीच्या दुकानापर्यंत होता, आणि तो पार करायला आम्हाला चार दिवस लागले. अंतर दहा मिनिटांचंच. पण माझे यजमान वसंतराव कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी घरात चार दिवस तिच्यावर बोलतात, आणि मग दुकानात जाऊन तिसरंच काहीतरी घेऊन येतात.

नाशकात आमचं चष्म्यांचं दुकान आहे. वसंतराव डोळे तपासून नंबर काढतात, मी फ्रेमी आणि गिऱ्हाइकं सांभाळते. ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. तेव्हा वर्षातून एकदा आम्ही पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन वयस्कर माणसांचे डोळे तपासत असू आणि लागेल त्याला चष्मा देत असू. तिथल्या शाळेचे भोये गुरुजी सगळी जमवाजमव करत. शाळेच्या खोलीत उजेड बेताचा, म्हणून आदल्या वर्षी आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते. एका आजोबांना समोरच्या तक्त्यावर काय दिसतं असं विचारलं, तर ते तक्त्यावर हलणाऱ्या कवडशाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा एक बरा दिसतो, पण ठरत नाय."

तेव्हाच ठरलं की पुढच्या वेळी डोक्यावर स्वतःचं छत हवं.

भद्रकालीतले दुकानदार हुसेनभाई. त्यांनी घडीचे दोन तंबू दाखवले. चार पाय, वर जाळीसारखा उघडणारा सांगाडा आणि त्यावर कापड. चारी बाजूंनी ओढलं की एका मिनिटात उभा. एक जाड पायांचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. दुसरा हलका, काखेत मारून नेता येईल असा.

"निळा घ्या भाभी, मळत नाही," हुसेनभाई म्हणाले.

"निळ्याखाली सगळी माणसं आजारी दिसतात," मी म्हटलं. "आम्हाला डोळे तपासायचे आहेत. पांढराच द्या."

रंगाच्या बाबतीत माझं चाललं. पायांच्या बाबतीत नाही.

"साहेब, माळावर नेणार ना? मग जाड पायांचा घ्या," हुसेनभाई म्हणाले. "आणि वर झरोका असलेला घ्या. वारा आत शिरला तर निघायला वाट पाहिजे."

"आम्ही वारा आत शिरूच देणार नाही," वसंतराव म्हणाले आणि हलक्या तंबूबरोबर बाजूला लावायचे तीन पडदेही त्यांनी बांधून घेतले. हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर टांगलेल्या ताडपत्र्यांकडे पाहिलं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही भल्या सकाळी निघालो. आमच्या व्हॅनमध्ये मागे तंबू, चष्म्यांची खोकी, पाण्याचे चार डबे आणि माझ्या पायाशी भिंगांची लाकडी पेटी. या पेटीत दोनशेच्या वर भिंगं असतात, प्रत्येक आपापल्या खाचेत. डोळ्यासमोर एकेक धरून नंबर काढायचा. पेटी सांडली तर तपासणी संपली, म्हणून ती मी डिकीत कधी ठेवत नाही.

पेठ रोडला शहर मागे पडलं की द्राक्षबागा लागतात, मग त्याही विरळ होतात आणि डोंगर जवळ येऊ लागतात. घाटात पळस फुललेला होता. एका टपरीवर चहा प्यायला थांबलो, तर वसंतरावांनी तिथल्या चहावाल्याला आपण होऊन तंबूची माहिती दिली. "एका मिनिटात उघडतो," ते म्हणाले.

"आणि बंद किती मिनिटांत होतो?" चहावाल्याने विचारलं.

वसंतरावांनी ते अजून करून पाहिलं नव्हतं.

मुख्य रस्ता सोडून आत वळलो. अर्धा तास खडखडत गेल्यावर माळावर शाळा दिसली. भोये गुरुजी वाट बघत उभे होते आणि त्यांच्यामागे चाळीसेक माणसं. काही जण तीन-तीन पाडे ओलांडून चालत आले होते. शाळेच्या मागे माळ थोडा पुढे जातो आणि मग एकदम खाली उतरतो. दरी म्हणण्याइतकी खोल नाही, पण पडलेला माणूस हसत उठेल अशीही नाही. वसंतरावांना तीच कडेची जागा आवडली. म्हणाले, "मोकळा उजेड आहे."

तंबू खरोखर एका मिनिटात उभा राहिला. लोकांनी कौतुकाने 'आं' केलं. वसंतरावांचा चेहरा फुलला. मग त्यांनी तंबूबरोबर आलेल्या वीतभर खुंट्या काढल्या आणि ठोकायला घेतल्या. जमीन कातळाची. पहिली खुंटी वाकली, दुसरी टणकन उडून गुरुजींच्या पायाशी पडली.

गर्दीतून एक साठीची बाई पुढे आली. काळीसावळी, काटक, डोक्याला फडकं बांधलेलं. "अठं (इथं) नाय शिरायचं ते," ती म्हणाली. "वारा सुटंल आता. धोंडं लावा."

"मावशी, आपण डबे लावू," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा एकेक डबा प्रत्येक पायाशी ठेवला. बांधला नाही, नुसता ठेवला. शिवाय बाजूंना तिन्ही पडदे लावले. बाई जाऊन रांगेत बसली.

पहिले तेरा-चौदा जण व्यवस्थित तपासून झाले. पांढऱ्या कापडाखालचा उजेड खरंच सुरेख होता. ते श्रेय मी घेतलंच. मग एक म्हातारे बाबा बाकावर बसले. वसंतराव त्यांच्यासाठी भिंग निवडत होते, पेटी माझ्यासमोर उघडी होती, आणि वारा आला.

आधी पडदे आत फुगले. मग छत वर फुगलं. तंबूचे चारही पाय जमिनीवरून असे उठले, जसं बसलेलं जनावर उठतं. डबे गडगडले. भोये गुरुजींनी बाबांना बाकासकट मागे ओढलं. वसंतरावांनी एक पाय दोन्ही हातांनी धरला, आणि तंबू त्यांना घेऊन निघाला. कडेच्या दिशेने. त्यांची पावलं दोनदा जमिनीला लागली आणि तिसऱ्यांदा लागली नाहीत.

"सोडा!" गुरुजी ओरडले. "साहेब, सोडा!"

आता माझं सांगते. मी पेटीवर पालथी पडले होते. दोन्ही कोपर पसरून, पदर तोंडावर, पोटाखाली दोनशे भिंगं. नवरा हवेत होता आणि मी पेटीवर.

मी मान वर केली तेव्हा तंबू कडेच्या अलीकडे करवंदीच्या जाळीत अडकून फडफडत होता आणि वसंतराव कातळावर बसून आपल्या घोट्याकडे पाहत होते. मी धावले. गुडघा खरचटला होता, घोटा मुरगळला होता. कड त्यांच्यापासून चार हातांवर होती.

"पेटी?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

माणसं गोळा झाली. कुणी उठून गेलं नाही. पण आता काय, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. ऊन चढलं होतं, खोलीत उजेड नव्हता, आणि पंचवीसेक जण राहिले होते. त्यात ती डोक्याला फडकं बांधलेली बाई उठली. तिचं नाव लाखीबाई. गुरुजींनी सांगितलं की पावसाआधी पाड्यावरची गवताची छपरं बांधायला हिला बोलावतात.

लाखीबाईने तंबू जाळीतून सोडवून आणवला. एक पाय थोडा वाकला होता. तो तिने दोन दगडांत धरून जमेल तितका सरळ केला. पडदे काढून घडी करून माझ्या हातात दिले. "हे घरी न्या. खिडकीला लावा," ती म्हणाली.

मग जागा बदलली. कडेपासून लांब, शाळेच्या भिंतीच्या आडोशाला. पाय निम्मेच उघडले, म्हणजे छत बुटकं झालं. गुरुजींनी खताच्या रिकाम्या गोण्या आणल्या. त्यांत दगड भरून प्रत्येक पायाला एकेक गोण घट्ट आवळून बांधली. छताच्या चारही कोपऱ्यांना दोर लावून ते लांबवर नेले आणि जागचे हलणार नाहीत अशा धोंड्यांना बांधले. वसंतराव बाकावर पाय लांब करून हे सगळं बघत होते. त्यांना राहवेना.

"मावशी, दोर इतका लांब कशाला? जवळच बांधा की."

"जवळ बांधला तं वर ओढीतो," लाखीबाई गाठ मारता मारता म्हणाली. "लांब बांधला तं खाली दाबितो. आन् ही गाठ बघा. वारा लय झाला तं हे टोक ओढायचं. कापड सुटून खाली येतं. मंग धरून लोंबायचं नाय."

सगळे हसले. वसंतरावही हसले, जरा उशिरा.

दुपारचं जेवण गुरुजींच्या घरी झालं. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. गुरुजींच्या पत्नीने कसलासा पाला वाटून वसंतरावांच्या घोट्याला बांधला. "कसला पाला?" हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि "बरा व्हायचा पाला" हेच उत्तर त्यांना तीनदा मिळालं.

दुपारी वारा पुन्हा आला, सकाळपेक्षा जोरात. मी पेटीचं झाकण लावून घेतलं आणि या वेळी वसंतरावांचा शर्टही धरला. छत फुगलं, दोर ताणून ताठ झाले, वाकडा पाय कुरकुरला. पण गोण्या हलल्या नाहीत. लाखीबाई जाऊन एका दोराला हात लावून आली, जसं आपण दुधाच्या भांड्याला हात लावून बघतो, आणि पुन्हा रांगेत बसली. तपासणी चालू राहिली. मागे ओढले गेलेले बाबा परत बाकावर आले होते. त्यांना भिंग लावल्यावर ते आधी तक्त्याकडे बघेनातच. वर छताकडे पाहून त्यांनी खात्री करून घेतली.

लाखीबाईचा नंबर शेवटी लागला. लांबचं तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. जवळचं मात्र काहीच नाही. सुई तर सोडाच, तांदळातला खडाही दिसत नाही म्हणाली.

"मग एवढ्या गाठी कशा मारल्या?" मी विचारलं.

"बोटांनी," ती म्हणाली.

तिला चष्मा घातला. तिने आपले तळहात पाहिले, उलटे करून पाहिले. मग उठली आणि चष्म्यासकट तंबूच्या एका दोरापाशी गेली. वाकून बराच वेळ गाठ बघत राहिली.

"कशी आहे?" वसंतरावांनी लांबून विचारलं.

"हाय बरी," ती म्हणाली. "पण हे एक टोक राह्यलं होतं." आणि तिने ते आत खोचलं.

निघताना गोण्यांतले दगड परत माळावर टाकले. तंबू मिटायला सात जणांना वीस मिनिटं लागली. वसंतरावांच्या पायाला ब्रेक दाबवेना, म्हणून गाडी मी घेतली. शहरात मी रोज चालवत असे, पण घाटात कधी चालवली नव्हती. ते शेजारी बसले, दुखरा पाय पाण्याच्या डब्यावर ठेवून. मुख्य रस्ता लागला.

"तू पेटीवर पडलीस," मग ते म्हणाले.

"हो."

"मी वर होतो तेव्हा दिसलीस मला."

मी गियर बदलला. मग खरं तेच सांगितलं. "अहो, त्या क्षणी तुम्ही माझ्या डोक्यातच नव्हता. फक्त भिंगं होती, आणि ती चालत आलेली माणसं."

"बरोबरच केलंस." त्यांनी डब्यावरचा पाय जरा सरकवला. "माझ्या डोक्यात मात्र तूच होतीस."

"काय?"

"म्हटलं, हा तंबू दरीत गेला तर ही जन्मभर म्हणेल, जाड पायांचा का घेतला नाही."

मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. तेही हसले, घोटा दुखेपर्यंत.

ही हकिगत मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितली आहे. वसंतराव हवेत गेले तिथे सगळे हसतात. तेही हसतात, आणि दर वेळी थोडे आणखी उंच गेलेले असतात. पुढचं मात्र मी कुणाला सांगत नाही. हसून झाल्यावर त्यांचा डोळा लागला. घाटातली वळणं मी एकटीनेच काढली, घट्ट हातांनी, ट्रकना वाट देत देत. वळण सुटून रस्ता सरळ झाला की दर वेळी मी एकदा डावीकडे बघून घेत होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, घोट्यावर तो पाला. प्रत्येक वळणानंतर ते तिथेच होते. पेठ नाक्याचे दिवे दिसेपर्यंत मी बघणं थांबवलं नाही.