मावशीचा ठिपका

आमच्या मावशीला काही विचारायचं असेल तर आधी मन घट्ट करावं लागतं. शेजारच्या काकूंनी ते केलं नाही. नवा हिरवा कोट घालून त्या आमच्या दारात गर्रकन फिरल्या आणि म्हणाल्या, "कशी दिसतेय गं मी?"

मावशीने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोट. हिरवा. गुडघ्यापर्यंत. खालून दुसरं बटण सुटायला आलंय."

काकू पुढचे कित्येक दिवस आमच्या भिंतीकडेसुद्धा पाहत नव्हत्या. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, छान म्हणायचं असतं अशा वेळी!"

"छान दिसत नसतं, ताई. छान वाटतं," मावशी म्हणाली. "तिने दिसतं कसं ते विचारलं."

हे ती चिडून म्हणत नाही, टोमणा मारूनही नाही. डोळे किंचित बारीक, हनुवटी जरा पुढे, आणि प्रत्येक शब्दानंतर एक पूर्णविराम. माझा मोजा हरवला की ती खोलीच्या दारातूनच सांगणार, "मोजा. एक. पलंगाखाली, भिंतीला चिकटून. हालचाल नाही." मोज्याने हालचाल केली असती तर तेही सांगितलं असतं, इतका तिचा प्रामाणिकपणा.

सवय कामातून आली. मावशी टेकडीवरच्या लष्करी ठाण्यात रडारच्या पडद्यासमोर बसते. गोल पडदा, त्यावर फिरणारी रेघ, आणि आकाशात काही असलं की रेघेमागे उमटणारा ठिपका. बसणाऱ्याने ठिपका दिसला की मोठ्याने सांगायचं: किती, कुठे, कोणत्या दिशेने. विमान असेल, शत्रू असेल, देव जाणे काय असेल, असलं काही म्हणायचं नाही. ते ठरवायला वर वेगळी माणसं असतात आणि त्यांना त्याचाच पगार मिळतो.

तिच्या खोलीत तिचा स्वतःचा एक कायदाही आहे: आधी डोळा, मग तोंड. पाळी बदलताना उठणारा माणूस गप्प उठतो. नवा माणूस बसतो, पडद्यावर काय दिसतं ते स्वतः बोलून दाखवतो, आणि मगच जुन्याला तोंड उघडायची परवानगी. का, असं मी विचारलं तेव्हा मावशीने छताकडे बोट दाखवलं. "त्या डागात काय दिसतं?"

"काहीच नाही. ओल आहे."

"आजोबा म्हणतात बदक आहे."

झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यावर छताला बदक आहे. चोच, शेपूट, सगळं. मावशी म्हणाली, "बघ. तोंडाने एकदा डोळ्यात घातलं की डोळा सुटत नाही."

तर एके सकाळी ती कामावरून आली, चहा घेतला आणि म्हणाली, "काल रात्री एक ठिपका दिसला. त्याचं उत्तर सापडत नाहीये."

आकाशात त्या वेळी त्या बाजूला कोणाचंच विमान नव्हतं. तरी ठिपका होता. बराच वेळ एका जागी उभा, मग भलतीकडेच सरकलेला, मग गायब. तो उभा असतानाच तिची पाळी संपली आणि गोगलगाय आला. गोगलगाय म्हणजे तिच्या हाताखाली शिकलेला मुलगा. जिना चढतानाही प्रत्येक पायरीची विचारपूस करतो म्हणून हे नाव. मावशी कायद्याप्रमाणे गप्प उठली. तो कायद्याप्रमाणे बसला आणि त्याने तोच ठिपका सांगितला. वरून एक विमान बघायला पाठवलं. वैमानिकाला काहीही दिसलं नाही. आणि पडद्याची नोंद ठेवणारं यंत्र नेमकं त्या दिवशी दुरुस्तीसाठी पोट फाडून टेबलावर पडलेलं. सगळी साक्ष मिळून चार डोळे.

बातमी गल्लीत आमच्या आधी पोचली. न्हाव्याने माझे केस अर्धे कापून कात्री हवेत धरली. "उतरले का खाली? हिरवे होते की निळे?" मावशी रस्त्याने जात होती, तिलाच त्याने हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "ठिपका," आणि निघून गेली. न्हावी मला म्हणाला, "बघितलंस? सांगायची बंदी आहे त्यांना." उरलेले केस त्याने विचारात पडून कापले. ते अजून तसेच दिसतात.

मग चौकशी आली. चौकशी म्हणजे एक मेजरसाहेब आणि त्यांचा लेखनिक. मेजरसाहेब टोपीवाले, लेखनिक बिनटोपीचा. साहेबांचं प्रत्येक वाक्य "तसं नव्हे" पासून सुरू होतं, समोरचा काही बोललेला नसला तरी. "तसं नव्हे, बसा." "तसं नव्हे, नाव सांगा." गोगलगाय घाबरून दोनदा बसला, दोनदा उठला.

हे सगळं तोच आम्हाला येऊन सांगायचा. साहेबांनी पक्षी तपासले. पक्षी तसे उडत नाहीत. हवामानाचे फुगे तपासले. कोणीही सोडला नव्हता. थंड-गरम हवेचे थर कधीकधी जमिनीवरचंच काहीतरी आकाशात दाखवतात, तेही तपासलं. त्या रात्री हवा सगळीकडे सारखी होती. रडारचं यंत्र तर स्क्रूगणिक उघडून परत बसवलं. माणूस कामाला वाघ होता, हे मावशीसुद्धा मान्य करायची.

आणि मग त्यांच्या हाताला एक गोष्ट लागली. मावशीचा जबाब: "ठिपका. एक. टेकडीच्या पूर्वेला. जागचा हलत नाही." गोगलगायचा जबाब: "ठिपका. एक. टेकडीच्या पूर्वेला. जागचा हलत नाही."

"तसं नव्हे," साहेब म्हणाले, "दोन माणसं स्वतंत्रपणे बघतात आणि शब्दाला शब्द तोच? हिने सांगितलं, याने पोपटासारखं म्हटलं. म्हणजे बघणारी एकटी बाई. आणि एकट्या डोळ्याला दमल्यावर काहीही दिसतं."

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मावशीला बोलावून घेतलं. ते वाईट नाहीत, फक्त त्यांना कटकट नको असते. 'नजरचूक झाली' एवढं लिहून द्या, म्हणाले, प्रकरण मिटलं. नाहीतर दोघांनी मिळून खोटं सांगितलं असा ठपका येईल, आणि मग पडद्यासमोर कोणालाच बसवता येणार नाही. तुम्ही कोठारात, ब्लँकेटं मोजायला. तो पोरगा घरी.

मावशी घरी आली आणि चहात चमचा फिरवत बसली. साखर घालायची राहिली होती.

आई म्हणाली, "लिहून दे गं. एक ओळ ती. तुझ्या चुकीने कोणाचं घर जळणार आहे?"

"मला दिसलं, ताई."

"दिसलं तर दिसलं! ठिपकाच ना? काय सोनं होतं?"

"आणि त्या पोराला मी काय शिकवलं मग? दिसलं की सांग, आणि साहेब रागावले की परत घे?"

आईने कपाटाचं दार जोरात लावलं. मग मावशी अगदी हळू म्हणाली, "ताई, त्या कोठाराला खिडकी आहे का गं कुठे?"

मी मावशीच्या सगळ्या नकला करते. या वाक्याची नक्कल मी कधीच केलेली नाही.

लिहून द्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी मेजरसाहेब थेट घरी आले. बाईंना झोप पुरते का, चष्मा लागलाय का, घरात काही ताण आहे का, हे बघायचं होतं. मावशी तेव्हा दिवसपाळीला टेकडीवर होती. आजोबा नेहमीप्रमाणे गॅलरीत बसलेले. पाहुणे जिन्याशी पोचायच्या आत त्यांचा आवाज घरभर घुमला, "माणसं. दोन. एक टोपीवाला, एक बिनटोपीचा. फाटकातून आत. इकडेच येतायत!"

साहेब दारात थबकले. लेखनिकाकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि चौकशी सुरू केली. "तसं नव्हे, बाई रात्रपाळीला असतात तेव्हा दिवसा नीट झोप—"

"दूध!" आई आतून ओरडली. "कडेपर्यंत आलंय! धावा!"

मी धावले. परत येते तो शेजारच्या काकूंचा आवाज भिंतीवरून. त्यांचा अबोला होता, पण मांजरापुढे अबोला किती टिकणार? "मांजर! एक! करडं! तुमच्या गॅलरीतून आमच्या खिडकीकडे! तोंडात काहीतरी आहे!"

साहेबांच्या हातातला पाण्याचा पेला अर्ध्यावर राहिला. "तसं नव्हे... तुम्ही सगळे असंच बोलता?"

"असं म्हणजे कसं?" आजोबांनी विचारलं. मनापासून.

"हे असं. एक. करडं. इकडून तिकडे."

आजोबा विचारात पडले. मग हसायलाच लागले. "अहो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! ती कामाला लागली तेव्हापासून घरात अशीच बोलते, साहेब. आम्हाला आता दुसरं बोलताच येत नाही. मी बायकोच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनाही असंच सांगायचो. डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमच्यासारखा रोग सांगणारा माणूस नाही बघितला."

साहेब उठले. आता त्यांच्या चेहऱ्यावरचं ते 'तसं नव्हे' जरा ढिलं झालं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं, आणि एकेकाला बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी नेलं. काय दिसतं तेवढं सांगायचं आणि परत आत न येता गॅलरीत जाऊन उभं राहायचं, म्हणजे पुढच्याच्या कानात काही जायला नको. मावशीचाच कायदा, त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

आधी आजोबा. मग आई. मग मी. मी पाहिलं आणि जे होतं ते म्हटलं, "सायकल. एक. खांबाला टेकलेली. मागचं चाक बसलंय."

साहेबांनी लेखनिकाच्या हातातला कागद घेतला. वर आजोबांचं वाक्य, खाली आईचं, त्याखाली माझं. वरपासून खालपर्यंत एकच सायकल, एकच खांब, एकच बसलेलं चाक.

"तसं नव्हे," ते लेखनिकाकडे वळले, "हे यांचं घराणंच झालं. बाहेरच्या माणसाचं बघू. तू सांग, तुला काय दिसतं?"

लेखनिक बिचारा आठवडाभर ठाण्यावर मावशीचे आणि गोगलगायचे जबाब उतरवत होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "सायकल, साहेब. एक. खांबाला—" आणि जीभ चावली.

गॅलरीत आजोबांना हसून हसून खोकला लागला. साहेब हसले नाहीत; निदान तोंडाने नाही. खांदे मात्र हलत होते, आणि ते परत खुर्चीत टेकले.

तेवढ्यात मावशी आली. दारात उभी राहिली, डोळे बारीक, हनुवटी पुढे. "मेजर. एक. माझ्या खुर्चीत."

साहेब चटकन उठले. "तसं नव्हे, बसा बाई. शेवटचा एक प्रश्न. तुमच्या त्या पोराने स्वतः बघितलं हे मला पटलं. तुम्हीही बघितलंत. मग ते काय होतं?"

आईने माझा दंड धरला. घरात सगळ्यांना कळत होतं की आत्ता या माणसाचं मन वळलंय. एखादं 'बहुतेक' किंवा 'असेल बुवा' पुढे केलं असतं तर त्यांचं काम सोपं झालं असतं, आणि तिचंही.

"माहीत नाही," मावशी म्हणाली.

"तसं नव्हे, अंदाज?"

"अंदाज तुमचा, साहेब. माझं बघणं झालं."

साहेबांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि डोक्यावर घातली. "आठ दिवस मी तेच करतोय," ते म्हणाले. "माझाही होत नाहीये." जाताना जिन्यावरून वळून आजोबांना म्हणाले, "माणसं. दोन. निघाली." आजोबांनी सलाम ठोकला.

निकाल आला. दोन माणसांना स्वतंत्रपणे ठिपका दिसला; कारण सापडलं नाही; चौकशी बंद. मोठे साहेब कुरकुरले की कारण नाही तर चौकशी कसली, पण खाली मेजरसाहेबांची सही होती. न्हावी अजूनही मानत नाही. त्याच्या मते निळे होते. मावशी तिच्या पडद्यासमोर, गोगलगाय त्याच्या पाळीला, ब्लँकेटं ज्याची त्याने मोजावीत.

त्या संध्याकाळी मावशी गॅलरीत आजोबांशेजारी बसली होती. चहात साखर होती. काकू हिरवा कोट घालून खालून गेल्या. बटण लावून घेतलं होतं. मावशीने बटण बघितलं, काकूंनी मावशीने बघितलेलं बघितलं, आणि दोघींनी एकमेकींना हात केला.

आजोबांनी विचारलं, "कसं वाटतंय गं आता?"

मावशीने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग ती म्हणाली, "छान."

मी दारात होते, आजोबा खुर्चीत. आई आतून हात पुसत धावत आली, पण तोवर मावशी उठून अंघोळीला निघून गेली होती. आईचा विश्वास बसेना. तिने आधी मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, मग आजोबांना गॅलरीत वेगळं.

दोघांचा जबाब सारखाच निघाला. "छान. एकदाच. परत दिसलं नाही."